टोपीचं रीडिंग

पाटील, तुझी ती मोहरीच्या रंगाची लोकरीची टोपी कचऱ्यात जाता जाता वाचली. हे आधी सांगते, कारण वर गेल्यावरही तुला बाकी कशाची नसली तरी त्या टोपीची काळजी असणार. तुझी शैला बरी आहे. जेवते, फिरायला जाते. तुझ्या खुर्चीत कुणी बसलं की तिच्या कपाळाला आठी पडते, पण ती कुणाला उठवत नाही. मी मात्र त्या खुर्चीत मुद्दाम बसते. तू असताना कधी बसू दिलं नाहीस, आता अडवायला कोण आहे?

भेटायला येणारी माणसं तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात आणि मला ते ऐकवत नाही. ऑफिसातले एक जण शैलाला म्हणाले, पाटीलसाब तो बहुत शांत आदमी थे. मी मनात म्हटलं, कुठले पाटीलसाब? माझ्याशी तर तू उभा जन्म भांडलास. ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या जागेवरून भांडलास, तेव्हापासून मी तुझी 'बाई' झाले आणि तू माझा पाटील. पुढे दोघांच्याही बदल्या होत होत आपण चंडीगडला एकाच खोलीत येऊन पडलो, टेबलाला टेबल लावून, तर पंख्यावरून भांडलास. तासगावकडचा माणूस, इथल्या उन्हाळ्यातही तुला पंखा दोनवर लागायचा. आता मी पाचवर ठेवते. गार वाटतं, बरं नाही वाटत.

सेक्टर ३४ मधलं आपलं ऑफिस आठवतं ना, चहूकडून कोचिंग क्लासांनी घेरलेलं? खालच्या टपरीवर चहा पिताना क्लासची पोरं विचारायची, सर आप क्या पढ़ाते हो? तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचास, बेटा, हम दूध और पालक इकट्ठा करते हैं. पोरं हसायची. त्यांना वाटायचं थट्टा करतोय, आणि ती थट्टा नव्हती. हवा, पाणी, माती, गवत, पालक, दूध. किरणोत्सर्ग ज्या ज्या वाटेनं माणसाच्या पोटात जाऊ शकतो, त्या प्रत्येक वाटेवर आपण राखणीला बसलेले. तेही काहीच घडलेलं नसताना. उद्या कुठे काही घडलं तर फरक कळला पाहिजे, म्हणून रोजचं साधं मोजून ठेवायचं. लग्नाच्या मांडवात पाकीट सांभाळत बसणाऱ्या मामासारखं हे काम. सगळं नीट पार पडलं तर कुणाला तुमची आठवणही राहत नाही.

मग जपानात तो अणुवीज केंद्राचा अपघात झाला आणि आपले फोन वाजायला लागले. इतक्या लांबचा अपघात, पण वारा काय पासपोर्ट बघून येतो? आपण नमुने वाढवले. मोहालीजवळच्या खरडच्या पुढच्या त्या गावात आपण दुधासाठी गेलो, तो दिवस मी विसरणं शक्य नाही. घरातल्या म्हाताऱ्या बीजींना वाटलं आपण भेसळ पकडणारे. त्या आत गेल्या आणि वेगळ्या बादलीतलं, साईनं जड झालेलं दूध घेऊन आल्या. तू हात जोडलेस आणि म्हणालास, बीजी, हे नको, तुम्ही नातवंडांना जे पाजता ते द्या. झालं! बीजी भडकल्या. आमच्या घरात दोन प्रकारचं दूध असतं म्हणता काय? तुला तासभर ओसरीवर बसवून त्यांनी फैलावर घेतलं आणि शेवटी पराठे खाऊ घातले. तू त्यांना सगळं साध्या भाषेत सांगितलंस. दूर देशी अपघात झालाय, तुमचं दूध तपासतोय, काय निघालं ते सांगायला येईन.

जीपमध्ये मी तुला म्हटलं, पाटील, कुणाच्या घरी जाऊन निकाल सांगायचा आपला नियम नाही. निकाल वर जातो, तपासला जातो, मग एका तोंडानं जाहीर होतो.  पुढल्या रविवारी तू स्वतःच्या स्कूटरवर गेलास आणि बीजींना सांगून आलास की तुमच्या दुधात वेगळं काही नाही, नेहमीसारखंच आहे. येताना लोण्याचा डबा घेऊन आलास. तो डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणालास, "ज्याच्या घरचं दूध नेलं, त्याला सांगायला नको व्हय?"

आपल्या खऱ्या भांडणाची सुरुवात तिथली. ते अजून संपलेलं नाही, तू मध्येच उठून गेलास एवढंच.

नंतर वेगवेगळ्या देशांच्या माणसांनी जपानात जाऊन आपापली यंत्रं एकमेकांशी ताडून पाहायची असं ठरलं, त्यात आपण दोघं होतो. तोवर अपघाताला बराच काळ लोटला होता. ज्या गावात आपल्याला नेलं, तिथल्या लोकांना दिवसा येऊन घराची झाडलोट करायची परवानगी होती, मुक्कामाची नव्हती. त्या आजी स्वतःच्या घराच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. आपल्या घराच्या पायरीवर बसून चहा प्यायला तर चालेल का?

आपल्या गटातल्या दोघांनी लगेच यंत्रं काढली, आकडे टिपायला लागले. तू पुढे झालास आणि तुझं किरणं मोजायचं मीटर आजींच्या हातात दिलंस. दुभाषी मुलगी गोंधळली, कारण असं ठरलेलं नव्हतं. तू तिला म्हणालास, यांना सांग, आधी फाटकाबाहेर रस्त्यावर मोजा, मग घरात. आकडा नाचेल. थांबा, गढूळ पाणी निवळू द्यावं तसा तो निवळू द्या. आणि निवळला की मोठ्यांदा म्हणा, तुमच्या भाषेत.

आजींनी रस्ता मोजला, पायरी मोजली, दाराजवळचं झाड मोजलं. झाडाच्या बुंध्याशी आकडा वर गेला, पायरीवर खाली आला. प्रत्येक वेळी त्या मोठ्यांदा म्हणत होत्या आणि हळूहळू त्यांचा आवाज बदलत गेला. परीक्षेला बसलेल्या माणसाचा होता, तो घर झाडणाऱ्या बाईचा झाला. झाडाखाली नाही बसायचं, पायरीवर थोडा वेळ बसायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. आणि मग त्या वळल्या आणि त्यांनी ते मीटर सरळ तुझ्या पोटाला लावलं! एवढा लांबून आलेला माणूस, तो तरी स्वच्छ आहे का नको बघायला? दुभाषी मुलगी हसता हसता खाली बसली. आकडा काही हलला नाही. तू म्हणालास, आहे, माझ्यातही थोडं आहे. माणसाच्या अंगात पोटॅशियम असतं, ते जन्मभर किरणं सोडत राहतं. शेजारी बसलेल्या माणसाकडूनही आपल्याला रत्तीभर मिळत असतं, फक्त ते या मीटरला कळत नाही. आजींनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग नवरा गेल्यापासून माझ्या घरात तेवढं कमी झालं का?

  तू मान हलवून हो म्हणालास.

परत निघायच्या आदल्या दिवशी त्या आजी आपल्या मुक्कामावर आल्या आणि तुझ्या डोक्यावर ती टोपी घातली. गाव सोडावं लागलेल्यांच्या तात्पुरत्या घरांमध्ये बायका मिळून विणतात, त्यातली होती. तुला लहान होत होती, मोहरीचा तो भडक रंग तुला मुळीच शोभत नव्हता आणि तू चंडीगडचा प्रत्येक हिवाळा तीच घालून काढलास. धुक्यात मोहालीच्या रस्त्यावर तुझ्याआधी टोपी दिसायची.

विमानात आपलं जुंपलं. मी म्हटलं, प्रत्येकाच्या हातात मीटर देणं हा उपाय नाही, पाटील. त्याच गावची, तात्पुरत्या घरात राहणारी ती तरुण आई तुला दिसली नाही का? तिनं स्वतःचं यंत्र विकत आणलं होतं आणि ती दिवसभर पोराचं दप्तर, बूट, दुधाची बाटली मोजत बसली होती. पोरगं कंटाळून रडत होतं. घाबरलेल्या माणसाला यंत्र दिलं की भीतीलाच हात-पाय फुटतात. तिला कुणीतरी खांद्यावर हात ठेवून खात्रीनं सांगायला हवं होतं की बाई गं, पुरे, ठीक आहे. तू म्हणालास, आगं बाई, खात्रीनं सांगणारे पुष्कळ आले आणि गेले, म्हणून तर ती मोजत बसली. तिला मीटर मिळालं, शेजारी बसून वाचायला कुणी मिळालं नाही. मी म्हटलं, तू किती जणांच्या शेजारी बसणार आहेस? तू म्हणालास, जमेल तेवढ्यांच्या. आणि तोंडावर टोपी ओढून झोपलास. याला काय युक्तिवाद म्हणायचं?

मग तुझं आजारपण आलं. रक्ताचा कर्करोग म्हटल्यावर डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कधी किरणोत्सर्गाशी संबंध आला होता का? दुसरा कुणी असता तर आवरतं घेतलं असतं. तू उशीला टेकून बसलास आणि अगदी रंगात येऊन सगळं सांगितलंस, जपान, आजी, झाड, पायरी. रेवा पायाशी उभी होती. तुझी लेक लहानपणापासून या गोष्टी ऐकत आली होती, पण घरच्या गोष्टी म्हणून, अर्ध्या कानानं. त्या दिवशी तिनं त्या पहिल्यांदा पूर्ण ऐकल्या. तिला तेव्हा सातवा महिना होता.

बाळ झाल्यावर ती खरडलाच राहिली, सासरी, हरमनच्या आईकडे. मोहालीतल्या तुझ्या घरापासून खरड ते किती लांब? कॅबनं चहा थंड व्हायच्या आत पोचतो माणूस. तू मधून मधून दवाखान्यातून घरी यायचास, पण बाळ कधी आलं नाही. पप्पांना इन्फेक्शन होईल, असं ती म्हणायची. ते खोटं नव्हतं, डॉक्टरही तसंच सांगत होते. पण तुझं एखादं फडकं शैलाच्या अंगाला लागलं तरी बाळाला घेऊ द्यायच्या आधी रेवा तिला कपडे बदलायला लावायची, हे इन्फेक्शनचं नव्हतं, किरणांच्या भीतीचं होतं. तू फोनच्या पडद्यावर नात पाहिलीस. मांडीवर कधी घेतली नाहीस. मला राग आला होता रेवाचा, तुला आला नाही. तू म्हणालास, "मला समजतंय, बाई. ती घाबरलीया. तिला मीटर दे, आणि शेजारी बस." मी म्हटलं, तुझं मीटर, तुझी लेक, बरा होऊन घरी जा आणि तूच दे.

दिवाळी झाली आणि तू गेलास. तुझ्यावर माझा आजही राग आहे, तो या गोष्टीचा आहे.

जायच्या आधी तू शैलाकडून एक कबूल करून घेतलं होतंस. माझ्या सुतकापायी पोरीचं बोरन्हाण चुकवू नका, आणि ते याच घरात करा. खरडला हरमनच्या आईनं नातीची पहिली लोहडी ढोल न लावता केली. पाटीलजी नाहीत तर ढोल नाही, असं त्या माउलीनं स्वतःच ठरवलं, नुसती अंगणात शेकोटी पेटवली आणि रेवड्या वाटल्या. मग संक्रांत आली. शैलानं बोरं आणायला सांगितलं, मुरमुरे आणले, सांगलीहून तिच्या बहिणीनं हलव्याचे दागिने पाठवले. सगळं ताटात मांडून झालं आणि बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी रेवा एकटीच घरी आली. मोठ्या काळ्या पिशव्या घेऊन.

मी पोचले तेव्हा मायलेकी हॉलमध्ये उभ्या होत्या, मधे पिशवी. तुझे बूट, तुझी ती दौऱ्यावरची खांद्याची बॅग, दोन स्वेटर आणि वर टोपी. रेवा ते सगळं खाली कचऱ्याच्या गाडीत द्यायला निघाली होती आणि शैलानं पिशवीचं दुसरं टोक धरलं होतं. शैला माझ्याशी नेहमी हळू बोलते, पण त्या दिवशी तिचा आवाज जिन्यात ऐकू येत होता. म्हणत होती, नवरा नेला, आता त्याचं डोक्याचं फडकंही नेतेस? रेवा रडत नव्हती. ती एवढंच म्हणत होती, मम्मा, या घरात मी तिला रांगू देऊ शकत नाही. मुझसे नहीं होगा. वर माझ्याकडे वळून म्हणाली, मावशी, तुम तो साइंटिस्ट हो, तुम बताओ ना इनको.

पाटील, मला सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. तुझ्या छातीवरच्या, किरणं मोजणाऱ्या बॅजवर नोकरीभर जमलेली मात्रा मी पाहिलेली आहे, ते बूट तिकडून निघताना धुऊन मोजले गेले तेव्हा मी शेजारी उभी होते, आणि टोपी तर त्या गावातली नव्हतीच. खांद्यावर हात ठेवून खात्रीनं म्हणायचं की बाळा, पुरे, ठीक आहे. विमानात मी हेच म्हणत होते ना? पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं की मी म्हटलेलं तिच्या आत जाणार नाही. हॉस्पिटलात दोघांनी, घरी तिघांनी तिला हेच सांगितलं होतं. मी खात्रीनं सांगणाऱ्यांतली आणखी एक झाले असते.

मी विचारलं, पप्पांचं मीटर कुठाय? रेवानं पिशवीकडे बोट केलं. तुझ्या लेकीनं मीटरसुद्धा फेकायला काढलं होतं! ज्या एका वस्तूला तिच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक, तीच सगळ्यांत खाली, बुटांच्या तळाशी. मला हसू आलं आणि शैलाला माझा राग आला. सेल तर कधीचेच संपलेले. टीव्हीच्या रिमोटचे काढले, घातले, तुझं ते जुनं खोकं टकटकायला लागलं. त्या पहिल्या टकटकीला रेवा मागे सरकली. मीटर मी तिच्यापुढे धरलं. तिनं हात मागे घेतले.

मी म्हटलं, घरात नाही मोजायचं. आधी खाली गेटवर चल. तिथे तर तुला भीती नाही ना?

गेटवर वॉचमन उन्हात शेंगदाणे सोलत बसला होता. रेवानं त्याच्या खुर्चीपाशी मीटर धरलं. आकडा नाचत होता, ती घाईनं वाचायला गेली आणि मी तुझ्यासारखीच म्हणाले, निवळू दे. निवळला तसा मी म्हटलं, मोठ्यांदा म्हण. झीरो पॉइंट वन टू, ती म्हणाली. मग चमकून विचारलं, झीरो नाही? इथेही? मी तिला सांगितलं, शून्य कुठेच येत नाही. मातीत आहे, विटेत आहे, आभाळातून येतं. शून्य दाखवलं तर मीटर बिघडलंय असं समजायचं. हे एवढं तर जन्मल्यापासून तुझ्या सोबत आहे. आता घरात याच्यापेक्षा किती वेगळं येतं ते बघ.

वर आलो. तिनं हॉल मोजला, तुमची झोपायची खोली मोजली, तुझी बाजू, तुझी उशी. प्रत्येक ठिकाणी थांबून, मोठ्यांदा. गेटवरचाच आकडा, थोडा इकडे, थोडा तिकडे. शैला आधी पाठ करून उभी होती, मग तीही मागोमाग यायला लागली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकडा जरा वाढला. ग्रॅनाइट आहे, मी म्हटलं, त्या दगडात थोडं असतंच, खरडच्या तुझ्या ओट्यावरही एवढंच मिळेल. रेवा मान हलवून पुढे सरकली आणि मसाल्याच्या फळीपाशी मीटर एकदम तडतडायला लागलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं मीटर डावीकडे नेलं, आवाज कमी झाला. उजवीकडे आणलं, पुन्हा तडतड. डबे एकेक बाजूला करत ती शेवटी ज्या डब्यापाशी थांबली, तो मिठाचा होता. तुझ्या बीपीसाठी आणलेलं कमी सोडियमचं मीठ. आणि ते घरात कुणी आणलं होतं? तिनंच. दर महिन्याला खरडहून ऑनलाइन पाठवायची आणि फोनवर बजावायची, पप्पांना दुसरं मीठ देऊ नका.

त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घालतात, मी सांगितलं, आणि तुला ते पोटॅशियम ठाऊक आहे, आजींची गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस. रेवा त्या डब्याकडे बघत राहिली. म्हणजे या अख्ख्या घरात सगळ्यांत जास्त, ती हळूच म्हणाली, मैंने भेजा हुआ नमक? आणि ती हसली, पाटील. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता खाली फरशीवर बसली आणि मग रडली, आणि शैला तिच्याजवळ बसून रडली. मी उभ्या उभ्या मिठाच्या डब्याचं झाकण लावत राहिले, कारण मला दुसरं काही करायला नव्हतं.

तू मोजणाऱ्याला नेहमी सांगायचास, शेवटचं रीडिंग तुम्हाला हवं तिथलं घ्या. मी रेवाला तेच सांगितलं. मला वाटलं बूट मोजेल. तिनं पिशवीतून टोपी काढली, तुझ्या खुर्चीत ठेवली आणि तिच्यावर मीटर धरलं. इतका वेळ थांबली की मलाच घाई व्हायला लागली. झीरो पॉइंट वन टू. गेटसारखंच.

खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं नाही. तू असतानाही त्या खुर्चीत एवढाच आकडा यायचा. तू गेलास आणि यंत्राला काही फरक पडला नाही. एवढा मोठा माणूस घरातून उठून जातो आणि आकडा तसाच! मला त्या खोक्याचा इतका राग आला की रिमोटचे सेल काढून घ्यावेसे वाटले.

मग रेवानं मला तो प्रश्न विचारला, जो ती इतके महिने मनात घेऊन फिरत होती. या वेळी तिनं तो मराठीत विचारला, तिच्या त्या मोडक्या मराठीत. "मावशी, मग पप्पांना का झालं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाळा. त्यांची मात्रा मी बघितलीय, ती थोडी होती. तिकडे गेल्यामुळे झालं असं मला वाटत नाही. पण अजिबात नाहीच, असं म्हणायला कुठलंच यंत्र नाही माझ्याकडे."

तिनं पिशवीकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं, आता ती उचलणार. इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडत आले की लोकांना अर्धवट उत्तर देऊ नये, ते घाबरतात. आणि मी स्वतः तिला असलं उत्तर देऊन बसले होते. पण रेवा म्हणाली, ठीक है, आणि टोपी उचलून खुंटीवर टांगली, दारामागे, जिथे असायची तिथे. मग हरमनला फोन लावला. उद्या सकाळी बाळाला घेऊन ये, लोकरीचे मोजे विसरू नकोस, इथे फरशी गार असते.

मीटर मागितलं तिनं, खरडला न्यायला. इथे मात्र मी ऐकलं नाही. तिला म्हटलं, मोजायचं असेल तेव्हा फोन कर, मी येईन, दोघी मिळून मोजू. तुझं निम्मं आणि माझं निम्मं असं केलं, पाटील. तुला पटणार नाही, पण तू इथे नाहीस, मग माझं चालणार. आणि एक सांगायचं राहिलं. परवा आपल्या ऑफिसातल्या नव्या मुलींना मी खरडच्या त्या गावी नेलं. बीजी आहेत अजून, डोळ्यांनी अधू झाल्या आहेत. पोरींना म्हटलं, निकाल आला की यांना येऊन सांगायचं. नियमाचं काय, असं त्यातली एक माझ्याच जुन्या आवाजात म्हणाली. बीजींनी तुझी चौकशी केली. मी सांगितलं. त्यांनी सगळ्यांना पराठे खाऊ घातले आणि तुझ्या नावचा एक काढून गाईला दिला.

बोरन्हाण झालं. इथली बोरं आपल्याकडच्यापेक्षा मोठी, म्हणून शैलानं निवडून निवडून लहान घेतली. रेवानं पोरीला काळं झबलं घातलं, हलव्याचा मुकुट तिनं घडीभरही डोक्यावर ठेवला नाही, ओढून तोंडात घातला. मग हरमननं खुंटीवरची टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. ती थेट नाकापर्यंत आली. टोपीखालून नुसती हनुवटी दिसत होती, आणि ती हनुवटी तुझी आहे, बिचारीचं नशीब. मुरमुरे, बोरं, रेवड्या डोक्यावरून घरंगळल्या तशी ती खिदळायला लागली. सोसायटीतल्या पंजाबी पोरांनी आधी बिचकत आणि मग एकमेकांना ढकलत बोरं लुटली.

तिला ठेवायचं कुठे, म्हणून शैलानं इकडे तिकडे पाहिलं आणि तुझ्या खुर्चीत बसवलं. कपाळाला आठी नाही. नात बसली, एका अंगाला कलंडली, मी हातानं सावरली आणि तिच्याशेजारी दाटीवाटीनं बसून राहिले.

तिकडच्या आजी म्हणाल्या होत्या ना, नवरा गेल्यापासून माझ्या घरात तेवढं कमी झालं का, आणि तू हो म्हणाला होतास? तुझ्याही घरात दिवाळीपासून तुझ्या त्या पोटाएवढं कमी झालं होतं. बोरन्हाणाच्या दिवशी एका लहानशा पोटाएवढं पुन्हा वाढलं. माझ्या अंगाला लागून बसली होती, मला कळलं. यावर तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. मोजल्याबिगर बोलू नगंस, बाई. मीटर समोरच्या कपाटात होतं, सेलसुद्धा नवे घातले होते.

नाही मोजलं, पाटील. भांड आता.